साडेआठची शिकवणी

मार्च लागला की आमचं देवास गप्प होतं. लग्नांचे डीजे बंद, देवळांवरचे भोंगे बंद, गल्लीतल्या क्रिकेटची आरडाओरड बंद. प्रत्येक घरात कुणी ना कुणी दहावीला नाहीतर बारावीला बसलेलं असतं, आणि ज्या घरात नसतं तिथलेही लोक शेजारधर्म म्हणून हळू बोलतात. पहाटे पांघरूण लागतं आणि दुपारी पंखा लागतो. कन्नौदकडून गव्हाच्या ट्रॉल्या यायला लागतात, आणि त्यांच्यामागून स्कूटर चालवताना तो कोरडा, जरासा गोडसर भुसा थेट नाकात जातो. मला दरवर्षी त्या भुशानं शिंका येतात आणि दरवर्षी मी त्याची वाट बघते.

परवा शाळेत परीक्षेच्या ड्युटीवर होते. मी इथल्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवते. वर्गात फक्त पेनांचा आवाज होता. खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी लिहिता लिहिता थांबली, बाहेर बघितलं आणि आपल्याशीच खुदकन हसली. मग ओठ दाबून, मान खाली घालून परत लिहायला लागली. नियमाप्रमाणे मी जवळ जाऊन बघायला हवं होतं. गेले नाही. कॉपीची चिठ्ठी वाचून कुणी असं हसत नाही. हे हसू आदल्या दिवशीचं असतं. ते पोटात राहून गेलेलं असतं आणि नको तेव्हा वर येतं. मला ते चांगलं ओळखीचं आहे, कारण माझी चाळिशी मी अशाच हसण्यावर काढली. शाळेत, बँकेत, एकदा तर शेजारच्या काकांच्या तेराव्यालासुद्धा मला असं हसू आलं होतं आणि मी पदरात तोंड घालून रडल्याचं सोंग केलं होतं. लोकांनी मला पाणी आणून दिलं.

हे सगळं टीव्हीवरच्या एका विनोदी नटामुळे. त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर निम्मे लोक म्हणतील, ‘हा होय!’ आणि उरलेले म्हणतील, ‘त्यापेक्षा तो दुसरा बरा,’ मग मला भांडावं लागेल. तसंही आमच्या घरात त्याला नावानं कुणी म्हणत नसे. सासूबाई त्याला ‘मेला’ म्हणायच्या. साडेआठ वाजत आले की आतून विचारायच्या, “आला का गं मेला?” आणि तो शब्द त्यांच्या तोंडी इतका मायेचा असे की तेवढ्या मायेनं त्यांनी पोटच्या मुलालाही कधी हाक मारली नसेल.

त्याची स्किटं छोटी असत. चहा गार होण्याच्या आत संपायची. एकात तो शेजारणीची वाटी परत करायला आलेली बाई होता. वाटी रिकामी कशी द्यायची म्हणून साखर घालून आणलेली. शेजारीण म्हणते, मग मी तरी रिकामी कशी पाठवू, आणि चिवडा घालते. असं होता होता वाटीचं पातेलं होतं, पातेल्याची घागर होते, आणि शेवटी दोघी एकमेकींच्या घरातलं सगळं सामान उचलून आणतात आणि दमून एकमेकींच्याच खुर्च्यांवर बसतात. दुसऱ्या एकात तो मंगल कार्यालयाचा मॅनेजर होता, ज्याला आपल्या खुर्च्यांची इतकी काळजी की तो कुणाला बसूच देत नाही. बाईचं सोंग घेतलं की आवाज किनरा करायचा, हे बाकीचे करतात. हा करत नसे. तो फक्त खांद्यावरचा पदर बोटानं सारखा करायचा आणि मला त्याच्या जागी माझी धारची काकू दिसायची, जिच्याशी मी दहावीनंतर धड बोललेलेही नाही.

लोक विचारायचे, एवढं काय आहे त्याच्यात. माझे यजमान, सुहास, तर रोज विचारायचे. मला तेव्हा उत्तर देता येत नसे, मी नुसती चिडायची. आता थोडं थोडं देता येतं.

मी धारची. आमचे पूर्वज कधीतरी संस्थानाच्या कचेरीत कारकुनीला आले आणि तिथलेच झाले. त्यांनी येताना जी मराठी आणली ती आम्ही जपून ठेवली. माझ्या आत्याबाई अजूनही मुलाबाळांना ‘आपण जेवून घ्यावे’ म्हणतात, नणंदेला ‘वन्सं’ म्हणतात आणि कुणी ‘बाय’ म्हणून फोन ठेवला तर दुखावतात. मग मी लग्न करून देवासला आले. सासरचे लोक कराडकडून कारखान्यात नोकरीला आलेले. त्यांची मराठी मोकळी, ठसकेबाज, तिच्यात ‘की’ आणि ‘बघा’ जागोजाग. शाळेत हिंदी, बाजारात माळवी. अशी माझी दारं निरनिराळी आणि प्रत्येक दाराशी भाषा निराळी. मराठी मला घरात होती, रस्त्यावर कधीच नव्हती. भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करावी, रिक्षावाल्याशी मराठीत भांडावं, ही सुखं मला मिळालीच नाहीत. हा माणूस मला रोज अर्धा तास मराठी रस्त्यावर फिरवून आणायचा. तिथं पोस्टमन मराठी, चोर मराठी, पोलीसही मराठी. मी त्या गर्दीत हरवून जायची आणि जाहिराती लागल्या की परत देवासच्या बैठकीत येऊन पोळ्या लाटायला उठायची.

त्याच्यासाठी मी भांडणं केली. एकदा केबलवाल्यानं आमच्या पॅकमधून ते चॅनेलच काढून टाकलं. मी त्याच्या दुकानात गेले. त्याला सगळे पप्पू भिया, म्हणजे पप्पूभाऊ, म्हणतात, वयानं माझ्याहून लहान असला तरी.

“मॅडम, मराठी चैनल इधर देखता कौन है?” तो म्हणाला.

“भिया, हम देखते हैं.”

“एक घर के लिए चालू करूँ क्या?”

“एक घर के लिए पैसे लेते हो कि नहीं?”

त्यानं माझ्याकडे बघितलं, वहीत न बघताच “हो जाएगा,” म्हणाला आणि संध्याकाळी चॅनेल आलं. सासूबाईंनी टीव्हीला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

हा मोसम आला की मला आठवतं ते रेवाचं बारावीचं वर्ष. रेवा आमची एकुलती एक. लहानपणापासून तिला दगडांचं वेड. धार जिल्ह्यात बागच्या बाजूला मातीत शंखशिंपल्यांचे दगड सापडतात, समुद्र होता म्हणे तिथं कधीकाळी. मामाबरोबर एकदा गेली आणि फ्रॉकचा ओचा भरून दगड घेऊन आली, तेव्हापासून आमच्या घरात शोकेसमध्ये काचेच्या बाहुल्यांऐवजी दगड आहेत. तिला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं आणि चांगलं कॉलेज पुण्यात होतं. पुण्यात माझी धाकटी बहीण मंजू राहते. तिच्या घरी राहायची सोय होती. सगळं जुळून आलेलं होतं.

पण त्या दिवाळीत आम्ही मंजूकडे गेलो होतो. मंजूची सई रेवाच्याच वयाची. मुलगी चांगली आहे, मनात काही नसतं तिच्या. पण रेवा मराठीत बोलायला लागली की सई तिच्या तोंडाकडे बघत बसायची, आणि वाक्य संपलं की हसायची. मग आपल्या मैत्रिणींना बोलावून म्हणायची, “परत बोल ना, किती क्यूट!” रेवा पहिल्या दिवशी बोलली, दुसऱ्या दिवशी कमी बोलली, भाऊबीजेला तर ओवाळून झाल्यावर नुसती मान हलवली. परतीच्या गाडीत तिनं सांगून टाकलं.

“आई, मला नाही जायचं पुण्याला. वहाँ सब हँसते हैं.”

“अगं, प्रेमानं हसतात.”

“प्रेम से हँसते हैं तो भी हँसते तो हैं ना.”

तिनं इंदूरच्या एका कॉलेजचं नाव घेतलं, जिथं तिचा विषयच नव्हता. दुसरं काहीतरी घेईन, म्हणाली. घरातले दगड तिनं शोकेसमधून काढून पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवले. मला ते बघवलं नाही.

आता इथं एखाद्या शहाण्या बाईनं मुलीला जवळ बसवून मराठी पुस्तकं वाचायला दिली असती. मी भक्त होते. मी माझ्या माणसाकडे गेले. ठरवून टाकलं की परीक्षा होईपर्यंत टीव्ही बंद, पण साडेआठचं स्किट मात्र रेवानं जेवताना बघायचं, आणि त्यातली वाक्यं माझ्यामागून म्हणायची. ज्या मोसमात सगळं देवास केबल कापून घेतं त्या मोसमात मी मुलीला टीव्हीपुढे बसवत होते. शेजारणी मला वेड्यात काढायच्या. मी सांगायची, ती मराठीची ट्युशन आहे.

आणि ट्युशन लागू पडली की! रेवा पटापट बोलायला लागली. फक्त झालं असं की तिनं भाषेबरोबर सगळंच उचललं. टी-शर्ट घातलेली माझी मुलगी मराठी बोलताना खांद्यावरचा नसलेला पदर बोटानं सारखा करायची. ‘मी काय म्हणते’ म्हणताना कमरेवर हात. नकार द्यायचा तर आधी छताकडे बघून सुस्कारा. तिला वाटायचं, हे सगळं मराठीतच असतं. एकदा आत्याबाईंचा फोन आला तर रेवा त्यांना म्हणाली, “अगो बाई, किती दिवसांनी आठवण काढलीत हो आमची!” आणि वर एक टाळी वाजवली. आत्याबाई मला फोनवर घेऊन म्हणाल्या, “मुलीला अलीकडे कोणाची संगत आहे?”

सासूबाई खुशीत होत्या. मीही. मला वाटलं, काम फत्ते. रेवाला विचारलं, “मग, पुणं?” तर तिनं छताकडे बघून सुस्कारा सोडला. विषय तिथंच थांबला.

मग रंगपंचमी आली. आमच्याकडे होळीपेक्षा रंगपंचमी मोठी, पण त्या वर्षी रेवाचा भौतिकशास्त्राचा पेपर झालेला आणि रसायनशास्त्राचा व्हायचा होता. खेळणार नाही म्हणत होती, तरी कानामागे हिरवा रंग राहिलाच. संध्याकाळी मी मुगाची खिचडी केली होती. साडेआठला आम्ही तिघी टीव्हीपुढे बसलो. पडद्यावर नाव आलं, ‘इंदूरचे पाहुणे’. मी आनंदानं ओरडलेच, “रेवा, आपल्याकडचं!”

तो आला. चमकदार शर्ट, तोंडात पान, हातात शेवेची, आमच्याकडच्या सेवची, भलीमोठी पिशवी. पुण्यातल्या सासऱ्याला कडकडून मिठी मारून म्हणाला, “काय भिया!” सासरा दचकला. मग तो जेवायला बसला आणि पिशवीतून मूठ मूठ सेव काढून वरणावर टाकायला लागला, ताकात टाकायला लागला, श्रीखंडावर टाकायला लागला. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, तेही ओरडून. शेवटी तो देवघरात गेला आणि नैवेद्याच्या वाटीवर सेव घातली. प्रेक्षक खुर्च्यांवरून उठून हसत होते. कार्यक्रमाचे परीक्षक डोळे पुसत होते.

माझे कान तापले. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं मी त्याला बघत होते आणि मनात कुठेतरी वेडी आशा असते ना, की आपण इतकं बघतो तर तोही कधीतरी इकडे बघेल. त्या दिवशी त्यानं बघितलं होतं. आणि त्याला मी अशी दिसले होते.

सासूबाई म्हणाल्या, “मेला आज वाया गेला की.”

आणि रेवा हसत होती. खिचडीचा घास घशात अडकेपर्यंत हसत होती. त्या मोसमात पहिल्यांदा ती मला कशाचाही अर्थ न विचारता, माझ्या तोंडाकडे न बघता हसत होती. “आई, हा तर पप्पू भिया! बिलकुल पप्पू भिया!” मग डोळे पुसून म्हणाली, “पण सेव अशी कोण टाकतं? आणि श्रीखंडावर? पोह्यांवर टाकली असती तर ठीक. और ऊपर से जीरावन मसाला कहाँ है? याला कुणी नीट सांगितलंच नाही.”

मी टीव्ही बंद केला.

“अरे, बंद क्यों किया?”

“तुझा पेपर आहे.”

“परसों आहे.”

“मग वाच.”

दुसऱ्या दिवशी पप्पू भिया रस्त्यात भेटला. स्कूटर आडवी घालून, आनंदानं ओरडून म्हणाला, “मॅडम, आपके वाले ने तो अपने को पकड़ लिया!” त्याला कुणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं. मराठी त्याला कळत नाही. पण भिया म्हणून हाक मारली, सेव दिसली, तेवढ्यानं तो खूश होता. आपला माळवा टीव्हीवर आला, एवढंच त्याला दिसलं. मी त्याच्याशी तुटक बोलले. मग बरेच दिवस तो मला बघून जपून हसायचा.

मी रुसले. आता रुसण्याला कुणी समजूत काढणारा लागतो. नवऱ्यावर रुसलं तर निदान तो विचारतो, काय झालं. टीव्हीतल्या माणसावर रुसलं तर त्याला कळतही नाही. तो आपला साडेआठला येत होता, बैठकीतून सासूबाईंचं हसू ऐकू येत होतं, आणि मी स्वयंपाकघरात भांडी नको इतक्या जोरात घासत होते. त्याच्यावर रागावून काही उपयोग नाही हे समजत होतं, म्हणून जास्त राग येत होता. माझं प्रेम एकीकडूनच होतं, हे मला आधीही माहीत होतं की. पण माहीत असणं वेगळं आणि असं तोंडावर येणं वेगळं.

आता विचार करते तेव्हा वाटतं, तसं त्यानं वाईट काही केलं नव्हतं. त्यानं ऐकीव माहितीवर एक पाहुणा उभा केला. मी रोज त्याच्या खोट्या पोस्टमनवर, खोट्या शेजारणीवर हसायची, तेव्हा कुठल्यातरी खऱ्या पोस्टमनला काय वाटत असेल याचा विचार मी केला नव्हता. या वर्षी त्याचा कार्यक्रम नव्यानं सुरू झाला आहे. तो जाड झालाय, केस रंगवतो. सासूबाईंना आता कमी ऐकू येतं, पण त्या त्याच्या हातांकडे बघून हसतात. मीही बघते. प्रेम पहिल्याइतकं आंधळं राहिलेलं नाही, पण आहे.

त्या वर्षी मात्र मी तोंड फिरवून बसले होते, आणि रेवाकडे माझं नीट लक्ष नव्हतं. रसायनशास्त्र झालं, गणित झालं. मला वाटे ती अभ्यास करते आहे, पण ती माझ्याकडे बघत असायची. मधूनच विचारायची, “आई, आत्याबाईंचा फोन आला की तू उभी का राहतेस? त्यांना दिसतं का?” मी म्हणे, “गप्प बस, अभ्यास कर.” पुण्याच्या प्रवेशाची तारीख जवळ येत होती. मी नाव काढत नव्हते. कशाच्या जोरावर काढणार? ज्याच्या भरवशावर शिकवणी लावली होती तोच आम्हाला हसला होता.

एप्रिलच्या शेवटी धारला आत्याबाईंच्या नातवाची मुंज होती. मंजू आणि सई पुण्याहून आल्या होत्या. पंगती उठल्या, पुरुष मंडळी वर पत्ते खेळायला गेली आणि आम्ही बायका खालच्या खोलीत कूलरपुढे सतरंजीवर आडव्या झालो. आत्याबाई तेवढ्या खुर्चीत ताठ. बाहेर ऊन रणरणत होतं. मांडवातल्या फुलांचा वास आणि कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, दोन्ही एकदम येत होते. सगळ्यांचे डोळे मिटत आले होते, तेवढ्यात सईनं मोबाइल काढला.

“मावशी, हे बघितलंस? इंदूरचे पाहुणे!”

लावलंच तिनं. ‘काय भिया’ झालं, वरणावरची सेव झाली. पुण्याच्या बायका हसल्या. आमच्याकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आत्याबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, “हे गृहस्थ कोण?” सई हसत हसत वळली.

“रेवा, तुमच्याकडे खरंच असं बोलतात ना? बोल ना थोडं!”

मी उठून बसले. माझ्या तोंडात जे आलं होतं ते बाहेर पडलं असतं तर मंजूशी माझं कायमचं वाकडं आलं असतं. पण रेवा आधी उठली.

“असं नाही बोलत,” ती म्हणाली. “थांब, मी दाखवते.”

तिनं आपल्या ओढणीचा मफलर केला आणि पप्पू भिया केला. खरा पप्पू भिया. चिमटीनं सेव टाकणारा, ‘हो जाएगा’ म्हणताना दुसरीकडेच बघणारा. आमच्या बायकांना हसू फुटलं. त्या हसतात म्हणून पुण्याच्या हसल्या. मग रेवानं तीच ओढणी खांद्यावर घेतली आणि म्हणाली, “आता माझी आई. वेळ साडेआठ.”

एका हातात लाटणं, एका हातात फोन. “भिया, चैनल नहीं आ रहा, पैसे तो बराबर आते हैं!” फोन बाजूला, आतल्या खोलीकडे तोंड, “अहो आई, या की लवकर, लागलं बघा!” परत फोन, आणि रेवा ताडकन उभी राहिली, पदर डोक्यावरून, मान लवलेली, “होय आत्याबाई. आपली प्रकृती कशी आहे? नाही नाही, टीव्ही कुठला, स्तोत्र लावलंय.” परत फोन, आता शाळेच्या मोठ्या बाई, “यस मॅडम. शुअर मॅडम. टुमॉरो मॅडम.” मग बसली, ताट मांडीवर. बोट ओठांवर. “गप्प बसा सगळे. आता तो वळेल. वळला! बघितलंत? तू का हसलीस गं? अजून विनोद व्हायचाय!”

खोलीत हसण्याचा एकच गदारोळ झाला. आत्याबाईंनी विचारलं, “म्हणजे ते स्तोत्र नव्हतं?” आणि तो अजूनच वाढला.

मी बघत होते. ही बाई कोण? एका दमात चार दारांशी चार भाषा बोलणारी, प्रत्येक दाराशी वेगळ्या मापानं वाकणारी. मी मुलीला एक सरळ, स्वच्छ मराठी शिकवायला निघाले होते, जी माझ्याकडेच नव्हती. रेवानं त्या महिन्यांत टीव्ही बघितला नव्हता. तिनं मला बघितलं होतं. त्या नटाच्या स्किटमध्ये माझी सेव होती, हिच्या स्किटमध्ये मी होते.

मग रेवानं रंगपंचमीचा दिवस केला. टीव्हीवर पाहुणे, आईचा चेहरा हळूहळू लांबतो, कान लाल, ती उठते, खटकन टीव्ही बंद. “तुझा पेपर आहे.” इथं ती थांबली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. बाकी सगळ्या हसत होत्या, पण ती हसत नव्हती. तिचे डोळे घाबरलेले होते. तिला वाटलं, आपण फार पुढे गेलो. मी तोंड फिरवलं असतं, नुसती एक आठी घातली असती, तरी ती ओढणी खाली ठेवून बसली असती, आणि मग पुण्यातच काय, कुठेही चार लोकांत उभी राहून ती काही बोलली नसती. हे मला तेव्हा स्पष्ट कळलं. आणि त्याच वेळी मला तो माझा लांबलेला चेहरा दिसला, खिचडीचं ताट घेऊन एका न भेटलेल्या माणसावर रुसलेली बाई दिसली, आणि मी हसले. समजूतदारपणानं नाही हसले. मला खरंच हसू आलं. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं आलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आलं.

रेवानं श्वास सोडला आणि पुढचं केलं. पुढचं काय केलं ते मला आठवत नाही. सई नंतर तिच्यामागे लागली होती, “मला ते भियावालं शिकव ना,” आणि सईला ते काही केल्या जमत नव्हतं, हे आठवतं.

संध्याकाळच्या बसनं आम्ही निघालो. खिडकीतून गरम वारा येत होता. कापलेल्या शेतांमध्ये भुशाचे ढीग होते. रेवा खिडकीशी बसून मुंजीतला लाडू खात होती.

“आई, राग आला?”

“आला.”

“मग हसलीस का?”

“तू बरोबर केलंस म्हणून.”

तिनं लाडू संपवला. घाटाबिल्लोद गेलं. पुण्याचं विचारायची मला भीती वाटत होती. मग हाताला लागलेलं तूप ओढणीला पुसत ती म्हणाली, “पुण्यात पण मी तुलाच करीन. वहाँ तुला कोणी ओळखत नाही ना.”

“कर,” मी म्हटलं. मला रडू फुटलं, भर बसमध्ये, लोकांसमोर. मी पदर तोंडाला लावला, नाक ओढलं, कंडक्टरकडून सुटे परत घ्यायचे राहिलेत हेही त्यातच आठवलं आणि रडत रडतच त्याला हाक मारली. रेवा वळून माझ्याकडे नीट बघत होती, अगदी निरखून. माझ्या लक्षात आलं, हेही आता ती करणार.